सरकारला एक, लोकांना दुसरंच

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांची दोन तऱ्हेची माणसं नागपुरात उतरतात. एक जथा सिव्हिल लाइन्समध्ये फिरतो: विधानभवन, रविभवन, आमदार निवास. दुसरा वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत चकरा मारतो. पहिल्यांच्या कार्डावर ‘पब्लिक पॉलिसी’ असतं, दुसऱ्यांच्या कार्डावर ‘कॉर्पोरेट कम्युनिकेशन्स’. कंपनी एकच, विषयही बहुधा एकच, पण बॅगांमधले कागद वेगळे. आमदाराच्या किंवा सचिवाच्या हातात पडणाऱ्या कागदात कलमं असतात, कुठला शब्द गाळावा आणि कुठली मुदत वाढवावी याच्या सूचना असतात. बातमीदाराच्या हातात पडणाऱ्या कागदात ‘डिजिटल सक्षमीकरण’ असतं आणि सोबत हसऱ्या माणसांचा फोटो.

हे दोन कागद एक व्हावेत आणि पहिला कागद लोकांनाही वाचायला मिळावा, एवढंच या लेखाचं मागणं आहे. ऐकायला साधं वाटतं. पण या धंद्याची सगळी घडण त्याच्या उलट बाजूने झालेली आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला कंपनीचं संवाद खातं म्हणजे प्रेसनोट पाठवणारं खातं वाटतं. प्रेसनोट हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. एखादी घोषणा व्हायची असली की नोटच्या पाठीमागे प्रश्नोत्तरांचा एक जाडजूड कागद तयार होतो. विचारले जातील असे तीस-चाळीस प्रश्न आणि प्रत्येकाचं मंजूर झालेलं उत्तर. त्याशिवाय ‘कुणी विचारलं तरच सांगायचं’ अशा ओळींचा वेगळा कागद, कर्मचाऱ्यांना जाणारं पत्र, ग्राहकसेवेच्या मुलामुलींनी फोनवर वाचून दाखवायचा मजकूर. धोरणाच्या बाजूला आणखी पसारा: सरकारी मसुद्यांवरच्या हरकती-सूचना, मंत्र्याच्या हातात द्यायची एका पानाची टिपणं, उद्योगसंघटनेच्या नावाने जाणारी निवेदनं, आणि कंपनी ज्या अभ्यासगटांना पैसे देते त्यांचे अहवाल. यातलं लोकांसमोर येतं ते फक्त पहिलं पान. खरी बातमी बहुतेक वेळा ‘कुणी विचारलं तरच’ या कागदात असते, आणि विचारण्यासाठी ती असल्याची कुणकुण तरी लागावी लागते.

दोन्ही कागद वेगळे ठेवले की काय होतं, याचं भारतातलं सगळ्यात धडधडीत उदाहरण फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’चं, म्हणजे डेटाचे पैसे न घेता मोजकीच संकेतस्थळं दाखवणाऱ्या सेवेचं. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार क्षेत्राच्या नियामकाने, सल्लामसलतीचा कागद काढला: वेगवेगळ्या मजकुरासाठी डेटाचे वेगवेगळे दर लावू द्यावेत का? चार नेमके प्रश्न होते. फेसबुकने शहरोशहरी होर्डिंग लावली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि वापरकर्त्यांनी एक बटण दाबलं की ट्रायकडे जाईल असा तयार मजकूर ठेवला. मार्क झुकरबर्ग यांनी टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातला गणेश नावाचा एक शेतकरी होता. तो म्हणे या फुकट सेवेवर हवामान बघून पावसाळ्याची तयारी करतो आणि शेतमालाचे भाव बघतो. (भाव दिसला म्हणजे भाव मिळाला असं नसतं, हे यवतमाळ-वर्ध्याच्या कुठल्याही बाजार समितीत पाच मिनिटं उभं राहिलं तरी समजलं असतं.) ट्रायकडे मेलचा ढीग लागला, पण त्यात विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरं नव्हती. ट्रायने कंपनीला तसं खरमरीत पत्र लिहून कळवलं की तुम्ही सल्लामसलतीचं डोकी मोजण्याच्या खेळात रूपांतर केलं आहे. ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावाच्या दरांवर बंदी आली. दोन दिवसांनी कंपनीच्या संचालक मंडळावरच्या मार्क अँड्रीसन यांनी वसाहतवादाला विरोध करून भारताचं आर्थिक नुकसानच झालं अशा अर्थाचं ट्वीट केलं, मग माफी मागितली, आणि झुकरबर्ग यांना त्या वक्तव्याशी आपला संबंध नाही हे जाहीरपणे सांगावं लागलं.

या प्रकरणाचं खापर लोक जाहिरातींच्या अतिरेकावर फोडतात. मला ते पटत नाही. कंपनीकडे मांडण्यासारखी बाजू होती. कुठल्या संकेतस्थळांना प्रवेश मिळतो, कुठल्या अटींवर, मोबाइल कंपनीला त्यात काय मिळतं, नकार मिळाला तर दाद कुठे मागायची, हे सगळं लिहून देता आलं असतं आणि तेच वर्तमानपत्रात छापता आलं असतं. तसं न करता नियामकाकडे गर्दी पाठवली आणि लोकांकडे गणेश पाठवला. दोघांनाही हवं होतं ते उत्तर कुणालाच मिळालं नाही.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे, आणि ते फार दुःखद आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. माणसं मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. अफवा व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. १० जुलैला कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली: खोटी माहिती कशी ओळखावी, वगैरे. ती जाहिरात आज कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. त्याच महिन्यात कंपनीने पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दिसेल अशी सोय केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती पाचची मर्यादा अजून प्रत्येकाच्या हातात आहे. संवाद खात्यातल्या माणसाने बैठकीत बसून ‘जाहिरात काढू, पण आधी वस्तूत काय बदलणार ते ठरवा’ असा आग्रह धरायचा असतो तो यासाठी. ज्या कंपनीत त्याला त्या बैठकीला बोलावतच नाहीत, तिथे तो फक्त मजकुराला रंगरंगोटी करतो.

हाच धडा त्याच कंपनीने अडीच वर्षांत विसरून दाखवला. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲप उघडलं की नव्या गोपनीयता धोरणाची सूचना यायची: ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा. मान्य न केल्यास खातं चालणार नाही. बदल मुख्यतः व्यवसायांशी होणाऱ्या संभाषणाबाबत होता, खाजगी निरोप आधीसारखेच कूटबद्ध राहणार होते. पण सूचनेतून ते कळायला मार्ग नव्हता. लोक सिग्नलकडे आणि टेलिग्रामकडे पळू लागले. मग पानभर जाहिराती, मग मुदत १५ मेपर्यंत पुढे. एकीकडे ‘काहीच बदलत नाही’ असं सांगायचं आणि दुसरीकडे ‘मान्य करा नाहीतर जा’ असं म्हणायचं, या दोन वाक्यांचा मेळ कुठलीही पीआर एजन्सी घालू शकत नाही. स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच धोरणावरून व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. नेमकं त्याच ‘घ्या नाहीतर सोडा’ या अटीवर आयोगाने बोट ठेवलं होतं.

आता कंपनीचं निवेदन बिघडतं कुठे, ते जवळून पाहू. समजा एका कर्जाच्या ॲपमधून लोकांची माहिती बाहेर गेली. सुरक्षा विभाग पहिल्या तासात संवाद खात्याला सांगतो: अर्ज भरण्याच्या पानात भोक होतं, मोबाइल नंबर आणि पत्ते गेले, बँक खात्याची माहिती वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे वाचली. संवाद अधिकारी लिहितो: ‘मंगळवारी रात्री ९ ते ११.३० या वेळेत आमच्या अर्जाच्या पानातल्या चुकीमुळे सुमारे ४० हजार अर्जदारांचे मोबाइल नंबर आणि पत्ते परक्या माणसांच्या हाती गेले. बँक खाती आणि पासवर्ड गेलेले नाहीत. तुमचा नंबर त्यात असेल तर आज रात्रीपर्यंत तुम्हाला एसएमएस येईल. कर्जाच्या नावाने कुणी फोन करून ओटीपी मागितला तर देऊ नका. आम्ही ओटीपी मागत नाही.’

हा मजकूर फिरायला निघतो. कायदा विभाग ‘आमच्या चुकीमुळे’ खोडतो, कारण उद्या कोर्टात ते कबुलीजबाब म्हणून उभं राहील. उत्पादन विभाग वेळ काढून टाकतो, कारण अडीच तास हा फार मोठा काळ वाटेल. धोरण विभाग ४० हजार काढतो, कारण नियामकाला अजून आकडा कळवलेला नाही आणि त्याने तो आधी पेपरात वाचायला नको. मुख्यालयातून शेवटी एक वाक्य वर जोडून येतं. संध्याकाळी बाहेर पडतं ते असं: ‘वापरकर्त्यांची गोपनीयता हे आमचं सर्वोच्च प्राधान्य आहे. काही वापरकर्त्यांच्या मर्यादित माहितीबाबत एक घटना निदर्शनास आली असून आवश्यक ती पावलं उचलण्यात आली आहेत.’ ओटीपीचं वाक्य कुणी मुद्दाम काढलेलं नसतं. ज्या परिच्छेदात ते होतं तो परिच्छेद गेला, म्हणून तेही गेलं. आणि त्या रात्री नागपूरजवळच्या वाडीतल्या किंवा कामठीतल्या ज्या माणसाला ‘कर्ज मंजूर झालंय, ओटीपी सांगा’ असा फोन येतो, त्याला सावध करू शकणारं एकमेव वाक्य तेच होतं.

प्रत्येक खात्याचं कारण त्याच्या जागी बरोबर आहे, ही यातली गोची. एकेक खोडाखोड समजून घेता येते, पण बेरीज निरर्थक निघते. उपाय एकच आहे आणि तो घटनेच्या आधी करावा लागतो: कुठल्या चार गोष्टी कधीही काढायच्या नाहीत हे शांतपणे बसून, कायदा विभागाच्या सहीने ठरवून ठेवायचं. काय गेलं, काय गेलं नाही, कधी, आणि वाचणाऱ्याने आता काय करायचं. बाकी सगळ्यावर भांडा.

इथे घड्याळांचा विषय येतो, आणि तो या लेखाच्या मुद्द्याचा कणा आहे. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला सेबीच्या नियमांनुसार संचालक मंडळाच्या बैठकीतला निर्णय ३० मिनिटांत (बैठक बाजार बंद झाल्यावर संपली तर ३ तासांत), कंपनीच्या आत घडलेली महत्त्वाची गोष्ट १२ तासांत आणि बाहेरून आलेली २४ तासांत बाजाराला सांगावी लागते. त्याआधी एखाद्या बातमीदाराच्या कानात सांगितली तर ते गुंतवणूकदारांशी केलेलं पक्षपाती वर्तन ठरतं. मध्यस्थांच्या, म्हणजे लोकांचा मजकूर दाखवणाऱ्या कंपन्यांच्या, नियमांनुसार सरकारचा किंवा कोर्टाचा आदेश आल्यावर मजकूर उतरवण्याची मुदत ३६ तासांची होती, ती फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ३ तासांवर आणली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांत डेटा मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यायचा आहे. ही सगळी घड्याळं सरकारकडे, बाजाराकडे, मंडळाकडे तोंड करून बसवलेली आहेत. ज्याची माहिती गेली त्या माणसाला कधी सांगायचं? नियम म्हणतो, विनाविलंब. तासांचा आकडा नाही. इतक्या विभागांच्या खोडाखोडीत ‘विनाविलंब’ किती लांबू शकतं, हे वर दिसलंच.

तरीही २०२३ च्या या डेटा संरक्षण कायद्यात आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत एक मोठी सोय आहे, जिच्याकडे मराठी पत्रकारितेने पुरेसं लक्ष दिलेलं नाही. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यावा लागेल. म्हणजे मराठीत. माहिती फुटली तर ज्याची गेली त्याला साध्या, थोडक्या शब्दांत सांगावं लागेल: घटना काय, केव्हा, तुमच्यावर काय परिणाम होऊ शकतो, आम्ही काय केलं, तुम्ही काय करावं, कुणाशी बोलावं. न कळवल्याबद्दल २०० कोटींपर्यंत दंड. नियमांनी ही जबाबदारी लागू व्हायला १८ महिने दिले आहेत. मराठीतला कोरा मसुदा, रिकाम्या जागा सोडून, या मुदतीत तयार करून ठेवणं एका माणसाचं आठवड्याभराचं काम आहे. तो कायदा विभागाकडून आधी मंजूर करून घेतला तर घटनेच्या रात्री फक्त जागा भरायच्या उरतात.

नागपूरच्या संदर्भात या कामाची प्रत्यक्षातली दशा काय आहे? बातमीदार दुपारी ४ वाजता कंपनीच्या मुंबईतल्या एजन्सीला फोन लावतो. उत्तर मंजूर करणारा माणूस कॅलिफोर्नियात असेल तर हिवाळ्यात तिथे पहाटेचे अडीच वाजलेले असतात. तो उठून, कॉफी घेऊन मेल उघडेपर्यंत इथे रात्रीचे नऊ-साडेनऊ. त्याने प्रश्न विचारायचा, मुंबईने उत्तर द्यायचं, मग दिल्लीतल्या धोरणवाल्यांनी पाहायचं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे जाणाऱ्या आवृत्त्या तोवर छापखान्यात गेलेल्या असतात, शहर आवृत्तीही दाराशी उभी असते. मग बातमीत तेच नेहमीचं वाक्य येतं: ‘कंपनीची बाजू समजू शकली नाही.’ दुसऱ्या दिवशी कंपनी तक्रार करते की स्थानिक माध्यमं एकतर्फी छापतात.

उत्तर आलंच तर ते पीडीएफमध्ये येतं. मराठी पीडीएफमधला मजकूर उचलून पानाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि उपसंपादकाला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. अकरा वाजता हे करायला कुणाकडे वेळ नसतो, म्हणून नोटचे पहिले दोन परिच्छेद जातात, आणि पहिले दोन परिच्छेद नेमके ‘अत्यंत आनंद होत आहे’ वाले असतात. साधी वर्ड फाइल, युनिकोडमध्ये, पहिल्याच परिच्छेदात आकडा आणि तारीख, खाली प्रत्यक्ष फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर. एवढं करणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. इथे अनेक घरांत सकाळी एक मराठी आणि एक हिंदी पेपर येतो, त्यामुळे दोन्ही भाषांत एकाच वेळी नोट गेली नाही तर एकाच शहरात एकाच बातमीची दोन रूपं फिरतात, हेही मुंबईच्या एजन्सीला सांगावं लागतं.

माझ्या मते महाराष्ट्रात, निदान अधिवेशनाच्या काळात नागपुरात, कंपनीचा एक असा माणूस हवा ज्याला तीन गोष्टी मुख्यालयाला न विचारता, स्वतःच्या नावानिशी बोलता येतील: घडलंय ते खरं आहे का, आमच्या माहितीप्रमाणे कुणाकुणाला त्याची झळ पोचते, आणि पुढची माहिती किती वाजता देऊ. यात कंपनीचं कुठलंही गुपित नाही. नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या कंपन्यांत नोकऱ्या करणाऱ्या हजारो मुलामुलींच्या घरी कर्मचारी कपातीची राष्ट्रीय बातमी येते तेव्हा पहिला प्रश्न असतो ‘आपल्याकडचे किती?’ आणि त्याचं उत्तर देशभरासाठी लिहिलेल्या निवेदनात कधीच बसत नाही.

आता सगळ्यात नाजूक जागेकडे येऊ. राज्य सरकारने २०२४ मध्ये पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी ‘मार्व्हल’ ही कंपनी नागपुरात उभी केली. त्यातून तयार झालेली ‘महाक्राइमओएस’ ही प्रणाली आधी नागपूरच्या २३ पोलीस ठाण्यांत चालवून पाहिली गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीने ती राज्यभरातल्या १,१०० ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. सायबर फसवणुकीच्या तक्रारींचा डोंगर पाहता अशा साधनाची गरज आहेच, त्याबद्दल वाद नको. वाद घोषणेच्या घडणीशी आहे. अशा घोषणांत ठाण्यांची संख्या असते, वेग असतो, उद्गार असतात. तक्रारदाराचा जबाब कुठल्या सर्व्हरवर जातो, मराठीतला किंवा वऱ्हाडीतला जबाब यंत्राने चुकीचा वाचला तर तो कोण पकडतो, किती दिवसांनी नोंदी पुसतात, कराराची मुदत किती, हे प्रश्न ‘कुणी विचारलं तरच’ या कागदात जातात.

आणि इथे डेटा संरक्षणाचा कायदाही फारसा उपयोगी पडत नाही. गुन्ह्याचा तपास आणि प्रतिबंध यांसाठी होणाऱ्या प्रक्रियेला कलम १७ ने सूचना-संमतीच्या बहुतेक जबाबदाऱ्यांतून सूट दिली आहे. म्हणजे सक्तीचं घड्याळ नाही, सक्तीची मराठी सूचनाही नाही. मग कंपनी आणि राज्य सरकार आपणहून जे सांगतील तेवढंच लोकांना कळणार. ज्या कामात कायदा गप्प आहे, तिथे संवाद खात्याची जबाबदारी वाढते. मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी गृह खात्याला दिलेल्या सादरीकरणातला तांत्रिक भाग, तपासाला बाधा येणारे तपशील वगळून, मराठीत प्रसिद्ध करू शकते. तसं केल्याने तिचं काही बिघडणार नाही.

आक्षेप येणारच. पहिला गोपनीयतेचा: सरकारशी होणारी बोलणी उघड केली तर स्पर्धकाला फायदा होईल. काही बाबतींत खरं आहे. सुरक्षेतल्या त्रुटी, किमती, अजून बाजारात न आलेली वस्तू, हे झाकावं. पण कायद्याच्या मसुद्यावर दिलेल्या सूचनांत यातलं काय असतं? ‘अमुक कलमातली मुदत वाढवा’ ही सूचना सार्वजनिक कायद्याबद्दल आहे. तिच्यावर स्पर्धकाचंच काय, माझंतुमचंही मत असायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे: लेखी सूचना उघड करायच्या ठरल्या तर सगळं तोंडी होईल. कागदावर गुळगुळीत मजकूर जाईल आणि खरी मागणी हुरडा पार्टीत कानात सांगितली जाईल. हे काही प्रमाणात होईल, मान्य. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करून खर्च जाहीर करावा लागतो, युरोपीय संघाची पारदर्शकता नोंदवही आहे, तरी तिथे कानगोष्टी थांबल्यात असं कुणी म्हणणार नाही. पण आपल्याकडे असा कायदाच नाही. नोंद असली की निदान शोधायला सुरुवात कुठून करायची ते समजतं. आणि तोंडी मागणीचाही शेवटी कुठेतरी मसुदा होतोच, कारण सचिवाला फाइलवर काहीतरी लागतं.

दोष एकट्या कंपन्यांचा नाही, हेही लिहायलाच हवं. डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आला तेव्हा केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयानेच सांगितलं की आलेल्या सूचना विश्वासाने जपून ठेवल्या जातील, उघड केल्या जाणार नाहीत. म्हणजे नागपूरच्या एखाद्या वकिलाने पाठवलेली सूचना आणि एखाद्या बलाढ्य कंपनीने पाठवलेली सूचना एकाच कपाटात बंद, आणि मसुदा बदलला तो कुणाच्या सांगण्यावरून हे कायमचं अंधारात. ट्राय मात्र वर्षानुवर्षं आलेल्या प्रतिक्रिया संकेतस्थळावर टाकत आली आहे, आणि त्यामुळे कुठलीही दूरसंचार कंपनी बुडालेली नाही. भाषेबाबतही तसंच. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २०२० च्या मसुद्याबाबत, तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांत आणा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सरकारला सांगावं लागलं होतं.

कंपन्या कुठे बोलतात आणि कुठे गप्प बसतात, यावरूनही बरंच समजतं. निरोप पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून द्या, या नियमाविरुद्ध व्हॉट्सॲप मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथे धंद्याचा पायाच पणाला लागला होता. पण एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने स्वतःच्या कारभाराबद्दलचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार देणारा सत्यशोधन कक्षाचा नियम आणला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात गेले ते एक विनोदी कलाकार, संपादकांची आणि नियतकालिकांची संघटना, वृत्तवाहिन्यांची संघटना. याचिका करणाऱ्यांत एकही मोठी तंत्रज्ञान कंपनी नव्हती, जरी मजकूर उतरवण्याचं काम त्यांच्याच गळ्यात पडणार होतं. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यावर प्रकरण ज्यांच्याकडे गेलं ते न्यायमूर्ती अतुल चांदूरकर. अनेक वर्षं नागपूर खंडपीठात वकिली केलेले. त्यांच्या मताने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द झाला. या काळात कंपन्यांनी मंत्रालयाला काय लिहून कळवलं? विरोध केला, मान तुकवली, की सोय करून मागितली? आपल्याला माहीत नाही, आणि आत्ताच्या व्यवस्थेत माहीत होण्याचा मार्गही नाही.

सरकार कपाट उघडेल तेव्हा उघडेल. कंपनीला मात्र स्वतःची सूचना स्वतःच्या संकेतस्थळावर टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्या दिवशी ती मंत्रालयाला गेली त्याच दिवशी, पूर्ण मजकूर, आणि महाराष्ट्राशी संबंध असेल तर दोन पानांचा मराठी गोषवारा, लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावासह. काही कंपन्या इंग्रजीत निवडक सूचना टाकतात. निवड कोण करतं आणि कशाच्या आधारावर, हे मात्र त्या सांगत नाहीत. उद्योगसंघटनेच्या नावाने गेलेली सूचना मान्य आहे की नाही, हेही एका ओळीत सांगता येईल. तेवढ्याने संघटनेच्या आडून बोलण्याची सोय बरीच कमी होते.

तोवर एक काम नागपूरच्या वृत्तसंपादकांना येत्या अधिवेशनापासूनच करता येईल. कंपनीची नोट आली की छापण्याआधी उलट मेल करायचा: या विषयावर गेल्या वर्षभरात केंद्र किंवा राज्य सरकारला तुम्ही लेखी काय दिलं आहे, त्याची प्रत संध्याकाळी सहापर्यंत पाठवा. प्रत आली तर नोटेच्या शेजारी ठेवून वाचायची, आणि दोन्हींत फरक असेल तर बातमी त्या फरकाची करायची. प्रत आली नाही तर बातमीच्या शेवटी एक ओळ जोडायची: ‘कंपनीने सरकारला दिलेलं निवेदन मागितलं असता ते देण्यास नकार दिला.’